दुकानाच्या दारातलं ऊन

आत्या,

काल संध्याकाळी लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली मुलगी भेटली. नागपूरकडची आहे, नवरा न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला. म्हणाली, "ताई, पनवेलमध्ये खरेदीला, फिरायला चांगलं काय आहे? इथं संध्याकाळी लोक करतात तरी काय?" मी लगेच सुरू झाले. उरण नाक्यावर रिक्षा सोडायची, आधी बांगड्या, मग मिरची गल्ली, मग कापड बाजार, आणि उन्हं उतरली की वडाळे तळं. बोलता बोलता म्हणाले, "थांब, आमच्या आत्यालाच विचारते, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत." पर्समधून फोन काढला आणि तुझं नाव शोधायला लागले. तुला जाऊन अकरा दिवस झालेत.

मजला आला, ती मुलगी उतरली. मी उतरायचं विसरले. लिफ्ट मला घेऊन खाली गेली आणि कुणीतरी बटण दाबलं म्हणून पुन्हा वर आली. दार उघडलं तेव्हा फोन अजून हातातच होता. म्हणून आज लिहायला बसलेय.

तुझ्या बाजारातल्या चकरेला घरात सगळे 'मथूची फेरी' म्हणायचे. कोन गावाहून तू दुपारची यायचीस, कापडी पिशवी घडी करून काखेत. आमच्याकडे लाइन आळीत चहा घ्यायचीस, पपांना, म्हणजे तुझ्या सख्ख्या भावाला, तब्येतीवरून दोन शिव्या घालायचीस आणि मला म्हणायचीस, "चल गो सुजू, जरा बाजार बगून येव." बाजार करून येऊ असं तू कधी म्हणाली नाहीस. खरेदी हा तुझ्यासाठी फेरीतला अगदी शेवटचा आणि बिनमहत्त्वाचा भाग होता. पिशवी पुष्कळदा रिकामीच परत जायची, फार तर तळाशी पावशेर सुकट. तीही एकदा तू माझ्या दिवाळीच्या नव्या ड्रेसवर ठेवलीस. तो ड्रेस मी तीनदा धुतला, तरी लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी मांजर माझ्या मागे मागे फिरत होतं. तू म्हणालीस, "बग, लक्ष्मीच्या आदी मांजर पावली."

आता आठवताना सगळ्या फेऱ्यांची मिळून एकच फेरी झालीय. मी सहा वर्षांची असते आणि तुझं बोट धरून मिरची गल्लीत शिरते. तिथं पोत्यांतल्या लाल मिरच्यांनी हवासुद्धा लाल झालेली असते. मी शिंकत सुटते, तू मूठभर मिरच्या नाकाशी नेऊन डोळे मिटून हुंगतेस आणि दुकानदाराला सांगतेस, "हिच्यात जीव नाय." गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडते तेव्हा मी कॉलेजात असते, तुझं बोट सुटलेलं असतं, आणि तू दहा पावलं पुढे कुठल्या तरी ओळखीच्या कोळणीशी हसत उभी असतेस. मधली वर्षं कुठल्या पोत्यामागे राहिली ते मला सापडत नाही.

कापड बाजारात मात्र तू वेगळीच व्हायचीस. चपला काढून गादीवर मांडी घालून बसलीस की शेठ आपणहून पंखा तुझ्याकडे वळवायचा. तुझे नियम ठरलेले. पहिल्या दुकानात घ्यायचं नाही. गल्ली पालथी घालायची, आणि फिरून ज्या साडीकडे पाय परत येतील ती आपली. पण सगळ्यात मोठा नियम उजेडाचा. साडी कितीही आवडो, तू ती हातावर घ्यायचीस, उठायचीस, आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात जाऊन उभी राहायचीस. "आत रंग कलत नाय. ट्यूबलाइट खोटं बोलते. दारात आनली की खरी काय ती कलते." शेठ कधी काही म्हणाला नाही. त्याला ठाऊक होतं, कोनची मथूबाई साडी घेऊन दारापर्यंत जाते आणि परत येते.

या सगळ्या साड्या दुसऱ्यांच्या असायच्या. कुणाचा बस्ता, कुणाची ओटी, कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण. आजूबाजूच्या चार गावांत लग्न निघालं की बस्ता बांधायला तुला नेल्याशिवाय कुणी पनवेलला यायचं नाही. तू स्वतः मात्र, तुझ्या छत्तिसाव्या वर्षी काका गेले, तेव्हापासून फिकं नेसायला लागलीस. राखाडी, बदामी, धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखा एक रंग. रंगीत नेसू नको असं तुला कुणी सांगितलं नव्हतं. नेस असंही कुणी सांगितलं नाही. मी मोठी झाल्यावर सांगून पाहिलं. तू म्हणालीस, "आमच्यात नाय चालत गो," आणि विषय बदलून मला सोडा पाजलास.

सोडा म्हणजे तळं. कॉलेजात माझ्या वर्गातली मुंबईची पोरं मला चिडवायची, पनवेलची नाइटलाइफ काय विचारूच नका म्हणून. त्यांच्या डोक्यात हायवेवरच्या डान्सबारचे लाल-निळे दिवे. आपली नाइटलाइफ वडाळे तळ्याच्या काठावर सातला सुरू व्हायची आणि साडेआठला, तुझी शेवटची टमटम सुटायच्या आत, संपायची. भाजलेलं कणीस, लिंबूसोडा, आणि तुझे दुखरे पाय पायरीवर लांब केलेले. पाण्यात दिवे उलटे उतरायचे आणि हलत राहायचे. तू एकदा म्हणालीस, "बग, पान्यात पन एक पनवेल हाय. तितली दुकानं कदी बंद व्हत नाय." मी विचारलं, तिथं काय मिळतं? तू कणसाचे उरलेले दाणे सोललेस. मग म्हणालीस, "जे हितं घेता येत नाय ते." मी तेव्हा हसले होते. वाटलं, आत्या गंमत करतेय.

मग पनवेलला मॉल आला. हौस माझीच. तुला घेऊन गेले. सरकत्या जिन्यापाशी तू थबकलीस, म्हणालीस, "जिनाच चालतोय, मंग आमी कशाला आलो?" आणि मागची माणसंही हसली. मला अभिमान वाटला तुझा, खरंच. वरच्या मजल्यावर एका झकपक दुकानात तू एक साडी हातावर घेतलीस. मी ब्लाऊजची कापडं बघत होते. एकदम दाराशी पीं पीं पीं वाजायला लागलं. बघते तर तू साडी घेऊन दुकानाच्या बाहेर, गोंधळलेली, उजेड शोधत इकडेतिकडे बघतेयस आणि गार्डने तुझ्या वाटेत हात आडवा धरलाय. सगळं दुकान बघत होतं. मी धावत आले आणि गार्डला म्हणाले, "सॉरी हं, त्यांना माहीत नाही. गावाकडच्या आहेत."

"माझी आत्या आहे" असं मी म्हणाले नाही. तुझ्या हातातून साडी घेतली, परत दिली, आणि तुझ्याकडे न बघता चालायला लागले. रिक्षात तू एवढंच बोललीस, "त्या दुकानाला दार नाय गो. म्हंजे दार हाय, पन दारात उजेडच नाय." मी चिडून म्हणाले, "अगं, तिथले दिवे उन्हासारखेच पांढरे असतात." हा वाद आपण पुढे कितीदा घातला. दिवा तो दिवा, ऊन ते ऊन, असं तुझं. माझं आपलं, काळ बदललाय. वाद दिव्यांचा नव्हताच, आत्या. मी गार्डला काय म्हणाले ते तू ऐकलं होतंस, आणि तू ऐकलंस हे मला माहीत होतं.

वर्षभराने माझं लग्न ठरलं. तो पीं पीं आवाज माझ्या डोक्यातून गेला नव्हता. मैत्रिणींबरोबर वाशीला गेले आणि एका एसी शोरूममध्ये लग्नाचा शालू घेऊन टाकला. तुला न सांगता. वाइन रंग म्हणतात तो. मग गाढवपणा असा की ब्लाऊज शिवायला टाकला तो कापड बाजारामागच्या गल्लीत, तुझ्याच रशीदचाचांकडे. माझे खांदे उतरते, ते दुसऱ्या कुणाला जमतच नाहीत. "आत्याला सांगू नका," एवढं बजावून आले.

चारच दिवसांनी तू दारात, पिशवी काखेत. "चल गो नवरी, शालू बगायला." वैशाखातलं ऊन मी म्हणत होतं. घेतलाय म्हणून सांगायची माझी छाती झाली नाही. ठरवलं, काहीच पसंत करायचं नाही, संध्याकाळी दमून आपोआप विषय सुटेल. आपण सहा दुकानं फिरलो. आणि प्रत्येक दुकानात तू शेठला एकच सांगत होतीस, "जरा चिंतामणी काडा." मोरपंखीहून उजळ, आभाळाहून गडद, तो निळा. प्रत्येक चिंतामणी साडीचा पदर तू स्वतःच्या खांद्यावर टाकायचीस, आरशासमोर उभी राहायचीस, मग पायरीवर उन्हात जायचीस, आणि वळून मला विचारायचीस, "कशी दिसते गो?" मी प्रत्येक वेळी म्हणाले, "नको गं. डोळ्यांत येतो."

एकदाही तू रागावली नाहीस. उलट मला इतकी हसरी तू क्वचितच दिसलीस. तळ्यावर दोन सोडे प्यायलीस, पाय चोळत म्हणालीस, "पाय गेले, पन मजा आली." मला त्या तळ्यात उडी टाकावीशी वाटत होती.

लग्नात मांडवात मी तो वाशीचा शालू नेसून उभी राहिले आणि उन्हात त्याचा रंग भिजलेल्या विटेसारखा निघाला. तू जवळ आलीस, पदर सारखा केलास, म्हणालीस, "चांगला हाय. कुठं मिलाला?" मी म्हणाले, मैत्रिणीने आणला. तू माझ्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडलीस आणि जेवणावळीकडे गेलीस. त्यानंतर सात वर्षं, प्रत्येक फेरीत मी ठरवायचे, आज तळ्यावर सांगून टाकू. मॉलचंही सांगू, शालूचंही. मग तू काहीतरी बोलायचीस, मी हसायचे, आणि तुझ्या टमटमची वेळ व्हायची.

अकरा दिवसांपूर्वी सकाळी सातला तुझ्या दिनेशचा फोन आला. "सुजू, आय गेली गो. झोपेतच." मी काही बोलायच्या आत त्याने नाक ओढून पुढचं सांगितलं. "मोठी काकी सांगते, आयला नेसवायला माहेरची साडी तू आनायची. मामा नाय, आता तिचं माहेर म्हंजे तूच. फिकीच आन म्हनली." मोठी काकी म्हणजे तुझी जाऊ, आता साऱ्या घरात तिचाच शब्द. पपा गेल्यापासून तुझं माहेर म्हणजे मी, हे मला कधी सुचलंच नव्हतं. सणाला बोळवण तू मला द्यायचीस.

साडेआठला मी कापड बाजारात पोचले. सगळी शटरं खाली. एवढी फिरले त्या गल्लीत, पण मिटलेली गल्ली मी कधी बघितली नव्हती. मागच्या बाजूला रशीदचाचांचं शटर तेवढं अर्धं वर होतं. मला बघून उठले. मी सांगितलं. ते मशीनवर हात ठेवून खाली बसले. मग विचारलं, "साडी घ्यायला आलीस ना? कुठल्या रंगाची?"

"फिकी," मी म्हणाले. "घरून तसं सांगितलंय."

चाचांनी चष्मा काढला. "बेटा, एक बात सांगू? तुझ्या शादीच्या वक्ती तू ब्लाऊज टाकून गेलीस ना, दुसऱ्याच दिवशी मथूबाई आल्या. तुझं कापड समोरच लटकत होतं. माझ्याच्याने झूट बोलवलं नाही. त्यांना मालूम होतं की शालू झालाय."

मी शटरला टेकले. म्हणाले, "मग त्या दिवशी सहा दुकानं कशाला फिरवलं तिने मला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, 'चाचा, तिला बोलू नका मी आलेली. नवरी संगती हाय म्हनल्यावर मना कुनी इचारनार नाय, बाय तू कुनासाठी बगतेस म्हनून. एक दिस मना चिंतामणी रंग अंगावर घालून बगायचा हाय.'"

आत्या, तू माझ्यासाठी बघतच नव्हतीस. तू आरशात मला दाखवत नव्हतीस, स्वतःला बघत होतीस. सहा वेळा तू पायरीवर उन्हात उभी राहून मला विचारलंस, कशी दिसते गो, आणि सहाही वेळा मी नको म्हणाले. माझं खोटं पकडलं गेलं याची लाज मला वाटलीच नाही. एक शब्द हवा होता तुला, आणि तो मी दिला नाही, त्याचंच रडू आलं. चाचांच्या दुकानातल्या चिंध्यांच्या ढिगावर बसून मी रडले. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि स्वतः जाऊन शेठच्या घराची बेल वाजवली, दुकान लवकर उघडायला लावलं.

शेठने न सांगता फिक्या साड्या काढायला घेतल्या. मी म्हणाले, "चिंतामणी दाखवा." त्याने माझ्याकडे बघितलं, मग शिडी लावली. तिसरी साडी तुझी होती, हे मला घडी उलगडतानाच कळलं. पण पहिल्या दुकानात घ्यायचं नाही, आणि दुसरं तर कुठलंच उघडं नव्हतं. फोन वाजत होता, दिनेश विचारत होता, "कुठं हायस? लोक थांबलेत." मी साडी शेठच्या हातात दिली, चपला घातल्या, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. पाय त्याच साडीकडे परत आले. मग ती हातावर घेऊन पायरीवर उभी राहिले. ऊन अजून समोरच्या छपरावरच होतं, गल्लीत उतरलं नव्हतं. रंग नीट कळला नाही. तशीच बांधून घेतली.

कोनला पोचले तेव्हा तुला ओटीवर ठेवलं होतं. बायका बाजूला सरकल्या. मोठ्या काकीने पिशवी उघडली आणि तिचा हात थांबला. "ह्यो रंग गो? रांडमुंड बाईला?"

ओटीवरच्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मॉलच्या दारातही अशीच सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. तेव्हा जे वाक्य तोंडातून निघालं नव्हतं ते मी म्हणाले. "ही माझी आत्या आहे. माहेरची साडी माझी आहे. आणि हा रंग तिने स्वतः पसंत केलाय काकी, सहा दुकानं फिरून."

काकीने साडी पिशवीतून बाहेर काढली. मग साडीवरून हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. तिच्या स्वतःच्या अंगावर राखाडी होतं. "फिरायला लय आवडायचं तिला," ती हळूच म्हणाली. आणि बायकांना म्हणाली, "नेसवा."

ओटीवर अंधारच होता, वर एक ट्यूबलाइट. नेसवून झाल्यावर साडी काळपट निळी दिसत होती, आणि मला वाटलं, पुन्हा फसले की काय. मग पुरुषांनी तुला उचललं. पायऱ्या उतरून अंगणात आणलं. दहाचं ऊन अंगणभर पडलं होतं.

आत्या, छान दिसत होतीस गं.